पहिले मॅक्रो भिंग निवडताना आधी काय पाहावे: अंतर की प्रकाश?

निवडुंग (धागालेखक)

पावसाळा तोंडावर आला की ओळखीतले दोघे-तिघे तरी पहिले मॅक्रो भिंग (छोटे जीव अगदी जवळून मोठे टिपणारे) कोणते घ्यावे असे विचारतात आणि किंमत पाहून ४० किंवा ६० मिमी केंद्रांतराच्या भिंगाकडे झुकतात. मी स्वतः ४० मिमीने सुरुवात केली होती. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे आहे की कीटक आणि बेडूक टिपायचे असतील, तर ९० ते १०५ मिमीच्या खालचे भिंग घेऊ नये, मग त्यासाठी एक हंगाम थांबावे लागले तरी चालेल.

माहितीपत्रकात दिलेले फोकसचे किमान अंतर सेन्सरपासून मोजलेले असते, भिंगाच्या टोकापासून नव्हे, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. निकॉनच्या ४० मिमी भिंगाचे हे अंतर १६.३ सेंमी आहे. त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि भिंगाची लांबी वजा केली, तर एकास एक आकार (सेन्सरवरची प्रतिमा जिवाएवढीच मोठी) मिळवताना समोरच्या जिवापर्यंत जेमतेम साडेतीन सेंमी उरतात. कॅननच्या ६० मिमीला सुमारे ९ सेंमी आणि १०० मिमीला १३-१४ सेंमी मिळतात. साडेतीन सेंटिमीटरवर चतुरासारखा कीटक बसून राहत नाही, आणि बसलाच तर त्याच्यावर भिंगाचीच सावली पडते. माझा पहिला हंगाम असाच वाया गेला.

खाचर

आपण दिलेले आकडे मला मान्य आहेत, निष्कर्ष मात्र मान्य नाही. नवख्याची छायाचित्रे बिघडतात ती अंतरामुळे नव्हे, तर प्रकाशाच्या अभावामुळे. एकास एक आकाराला ॲपर्चर, म्हणजे भिंगातले प्रकाश येण्याचे छिद्र, एफ ११ एवढे लहान ठेवले तरी फोकसमध्ये राहणारी जाडी एक मिलिमीटरच्या आसपासच असते, आणि भिंग ४० मिमीचे असो वा १०० मिमीचे, आकार व ॲपर्चर तेच असतील तर या जाडीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. शिवाय त्या आकाराला एफ ११ चा परिणाम एफ २२ सारखा होतो, म्हणजे दोन स्टॉप प्रकाश तिथेच जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). जुलैतल्या आंबोलीत, धुक्यात आणि झाडीखाली, एवढा प्रकाश उरतो कुठे? भिंगातील कंपनरोधक यंत्रणेवर विसंबावे, तर कॅनन स्वतःच आपल्या १०० मिमी एल भिंगासाठी एरवी चार स्टॉपचा आणि एकास एकला दोनच स्टॉपचा फायदा सांगते. म्हणून माझा सल्ला असा की आधी बाहेरचा फ्लॅश घ्यावा आणि त्यावर पांढऱ्या फोमशीटचा, प्रकाश पसरवून मऊ करणारा मोठा डिफ्यूझर घरीच करावा. कमी शक्तीवर फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकते, त्यामुळे हाताचा कंप छायाचित्रात उतरत नाही.

भिंगाचे म्हणाल, तर घरातल्या टेलिझूमवर (दूरचे जवळ आणणाऱ्या झूम भिंगावर) रेनॉक्स डीसीआर-२५० हे जोडभिंग अडकवावे. त्याची शक्ती ८ डायॉप्टर आहे, म्हणजे केंद्रांतर १२५ मिमी. झूम २०० मिमीवर आणि फोकस अनंतावर ठेवला की आकार १.६ पट मिळतो आणि समोर साधारण १२ सेंमी उरतात. आपण ज्या अंतरासाठी एक हंगाम थांबायला सांगता, ते जवळजवळ सगळे इथे मिळते.

सडाफूल

दोघांचेही बोलणे कीटकांपुरते आहे. मी कासच्या पठारावर जातो ते दवबिंदू आणि सीतेची आसवं या रानफुलांसाठी. फूल उडून जात नाही, आणि मागे ओला सडा (खडकाळ पठार) व ढग दिसले नाहीत तर ते छायाचित्र कुंडीतलेही वाटू शकते. १०० मिमीचा दृश्यकोन अरुंद असल्याने पार्श्वभूमीचा नुसता हिरवा लगदा होतो. मला ६० मिमीच योग्य वाटते.

निवडुंग (धागालेखक)

सडाफूल, फुलांच्या बाबतीत आपले म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो आणि माझे विधान कीटक-बेडकांपुरते मर्यादित ठेवतो. एक विनंती मात्र आहे. आखूड भिंगाने जवळ जाताना पठारावर आडवे पडावे लागते आणि एका फुलासाठी कोपराखाली दहा रोपे चिरडली जातात. वाटेच्या कडेला जे फुलले असेल तेवढेच टिपावे.

खाचर, प्रकाशाचा मुद्दा योग्य आहे. डिफ्यूझरवाचून मीही रात्री बाहेर पडत नाही. परंतु रेनॉक्स लावल्यावर फोकसचा पल्ला फार आखडतो. पानावर बसलेला मलबार ग्लायडिंग फ्रॉग आधी पूर्ण टिपावा आणि मग त्याच्या डोळ्यापर्यंत जावे, हे मॅक्रो भिंगाने सलग करता येते. रेनॉक्स मात्र प्रत्येक वेळी काढून पुन्हा लावावे लागते, आणि तेवढ्यात बेडूक गेलेला असतो. कडांची धारही झूमनुसार कमी-अधिक होते. आणि आंबोली टोड या भेकासारख्या प्राण्याजवळ, ज्याचे शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झाले आणि ज्याचा अधिवास एवढासा आहे, पावसात बराच वेळ धडपडत बसणे मला पटत नाही. पटकन टिपून मागे सरता यावे, हेसुद्धा उपकरण निवडताना पाहायला हवे.

खाचर

काढण्या-लावण्याचा त्रास खरा आहे. मी स्वतः हौसेपोटी तो सहन करतो, इतरांकडून तशी अपेक्षा ठेवता येणार नाही. तरीही खर्च एकदाच करायचा असेल, तर मी आजही फ्लॅश आधी आणि भिंग पुढच्या वर्षी असेच सांगेन.

राहिला मलबार चापडा, ज्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही. विषारी सापासमोर १४ सेंटिमीटरसुद्धा कमीच आहेत. त्याच्यासाठी १०० मिमी, ६० मिमी आणि रेनॉक्स हे तिन्ही पिशवीतच राहू द्यावेत आणि साधी ७०-३०० झूम, जी बहुधा सव्वा ते दीड मीटरवरून फोकस होते, तीच वापरावी.