अजाईल शिकायचं तर आधी परीक्षा की आधी बोर्ड?

ऐरोलीकर
नवी मुंबईच्या रबाळे-महापे-घणसोली पट्ट्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत टीम 'अजाईल' करायची, म्हणजे काम छोट्या तुकड्यांत पूर्ण करून दाखवायची सवय लावायची, ठरलेली वाट अशी: लीडला शनिवार-रविवारच्या कोर्सला धाडायचं, सोमवारी तो स्क्रम मास्टर (स्क्रम या अजाईल पद्धतीचे नियम टीमला शिकवणारा) होऊन येतो आणि त्याच दुपारी जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्प्रिंट १ (ठरावीक मुदतीची, बहुधा दोन आठवड्यांची कामाची फेरी) सुरू. माझ्या मते हा आधी कळस मग पाया आहे.

पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका. हातात असलेलं काम फक्त बोर्डावर आणा, एका कामाला एक कार्ड. रकाने नुसते 'टू डू, इन प्रोग्रेस, डन' नकोत. 'रिव्ह्यूच्या रांगेत', 'टेस्टिंगच्या रांगेत', 'क्लायंटच्या होकाराची वाट' हे वेगळे ठेवा, कारण काम सडतं ते तिथेच. प्रत्येक कार्डावर दोन तारखा हव्यात: हातात घेतल्याची आणि लाइव्ह गेल्याची.

मग साधा भागाकार. १४ कार्डं उघडी आणि आठवड्याला सरासरी साडेतीन लाइव्ह जात असतील, तर एका कार्डाला सरासरी ४ आठवडे लागणार. वेग तोच ठेवून उघडी कार्डं ७ वर आणली की २ आठवडे. कोणी जास्त वेळ बसलं नाही, कोणाचा कोड सुधारला नाही. हा लिटलचा नियम, १९६१ मध्ये सिद्ध झालेला. तो चालतो काम साधारण ज्या गतीनं येतं त्याच गतीनं जात असेल तेव्हा.

त्यानंतर टेस्टिंगच्या रकान्यावर ३ ची मर्यादा लावा. रकाना भरला की डेव्हलपरनं नवं कार्ड घ्यायचं नाही, टेस्टिंगला हात लावायचा. खरी कुरकुर इथे सुरू होते, आणि शिकणंही.

कोपरी_पूर्व
पूर्ण असहमत. नियम माहीत नसलेल्या टीमचा बोर्ड महिन्याभरात मॅनेजरचा हजेरीपट होतो.

स्क्रमची अधिकृत नियमपुस्तिका, स्क्रम गाइड, फुकट आहे आणि जेमतेम १३ पानांचं आहे. तरी वाचतं कोण? म्हणून परीक्षा. पीएसएम १ या स्क्रम मास्टरच्या परीक्षेत ६० मिनिटांत ८० प्रश्न असतात आणि ८५ टक्के लागतात, म्हणजे ६८ बरोबर. एका प्रश्नाला ४५ सेकंद. मजकूर दोन-तीनदा नीट वाचल्याशिवाय निभाव लागत नाही.

न वाचल्यानं काय होतं ते सगळ्यांच्या परिचयाचं आहे. डेलीत, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, 'काल काय, आज काय, अडचण काय' हे तीन प्रश्न सक्तीचे समजतात. २०२० च्या गाइडमध्ये ते नाहीत. स्टोरी पॉइंट, म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाजी आकडा, स्क्रमचा भाग समजतात. गाइडमध्ये तो शब्दच नाही. आणि प्लॅनिंगची ८ तासांची मर्यादा महिन्याच्या स्प्रिंटसाठी आहे हे न कळल्यानं दोन आठवड्यांच्या स्प्रिंटसाठी अख्खा सोमवार कॉन्फरन्स रूममध्ये जातो.

ऐरोलीकर
@कोपरी_पूर्व, पीएसएम कठीण आहे, मान्य. पण इथले बहुतेक लीड सीएसएम या दुसऱ्या प्रमाणपत्राला जातात: कोर्स सक्तीचा आणि परीक्षेत ५० पैकी ३७ बरोबर आले की झालं. आणि दोन्ही परीक्षा स्टोरीचे (वापरणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेल्या कामाचे) तुकडे पाडायला शिकवत नाहीत. स्प्रिंट फसतो तो तिथे.

समजा 'बसचा पास ऑनलाइन काढणे' असं काम आलं. नवी टीम ते 'टेबल', 'एपीआय', 'स्क्रीन' असं तोडते. तिन्ही पूर्ण झाल्याशिवाय दाखवायला काही नाही आणि स्प्रिंटअखेरच्या रिव्ह्यूत कामाऐवजी नुसत्या स्लाइड. तुकडा उभा पाडा, प्रत्येक तुकडा वापरता येईल असा. पहिला: साधा प्रवासी, फक्त मासिक पास, फक्त यूपीआय, सवलत नाही. दुसरा: विद्यार्थी सवलत, कागदपत्र अपलोडसह. तिसरा: नूतनीकरण. परतावा सगळ्यात शेवटी. दहा कामाच्या दिवसांच्या स्प्रिंटमध्ये तीन दिवसांपेक्षा मोठा वाटणारा तुकडा अजून तोडायचा.

तिरकस
चालू द्या तुमचं. दोघंही क्लायंटला विसरलात.

काय बनवायचं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर न्यू जर्सीत आणि त्याच्या जागी इथे बसलेल्या बीएला (बिझनेस अ‍ॅनालिस्टला) 'हो' म्हणायचा अधिकार नाही. दुपारी तीनला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशी. स्टोरीमागे दोन प्रश्न निघाले की दहातले दोन दिवस वाट बघण्यात. उपाय परीक्षेत नाही, बोर्डावरही नाही, घड्याळात आहे. आपले संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, पुढच्या स्प्रिंटच्या स्टोऱ्यांवर फक्त प्रश्न. डेली मात्र सकाळी अकरालाच, ठाण्याहून लोकलनं येणारी मंडळी टेकली की. ती डेव्हलपरांची बैठक आहे. क्लायंटसाठी रात्री नेली की तिचं स्टेटस कॉल होणारच.

दुसरं, व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये संपलेले पॉइंट. दोन टीमची तुलना सुरू झाली की तीनची स्टोरी पाचची होते, फुकटात. मागचे सहा स्प्रिंट १८, २२, १५, २४, २०, २१ असतील आणि १२० पॉइंट उरले असतील, तर उत्तर '६ स्प्रिंट' नाही. उत्तर '५ ते ८' आहे: सगळे २४ चे गेले तर ५, सगळे १५ चे गेले तर ८. एकच तारीख मागणाऱ्याला हे आवडत नाही, पण त्याला काय आवडतं हा प्रश्नच नाही.

मुपो_कळवा
प्रॉडक्शन सपोर्टवाल्यांनी (चालू सिस्टीम सांभाळणाऱ्यांनी) काय करायचं? रोज दोन पी-वन (सगळ्यात तातडीच्या तक्रारी) येतात, स्प्रिंटचा बुधवारीच बट्ट्याबोळ.

ऐरोलीकर
स्प्रिंट सोडा, कानबान घ्या: फक्त बोर्ड आणि कार्डांची मर्यादा. तातडीसाठी वरती एक वेगळी पट्टी, त्यात एका वेळी एकच कार्ड. दुसरं आलं तर पहिलं सुटेपर्यंत थांबायचं, किंवा कोणतं खरं तातडीचं ते मॅनेजरनं तोंडानं सांगायचं. बहुतेक वेळा दुसरं पी-टू निघतं.

कोपरी_पूर्व
सपोर्टपुरतं मान्य. तिरकस यांचं घड्याळही मान्य. पण नव्या प्रॉडक्टसाठी नाही.

तिथला नेहमीचा आजार असा: पाच डेव्हलपर पहिल्या दिवशी पाच स्टोऱ्या उघडतात, सगळ्या आठव्या-नवव्या दिवशी एकदम टेस्टरवर कोसळतात, अर्ध्या पुढच्या स्प्रिंटमध्ये. म्हणजे दहा दिवसांचा छोटा वॉटरफॉल: आधी सगळं बनवायचं, मग सगळं तपासायचं. दोनच स्टोऱ्या उघड्या ठेवून दोघा-तिघांनी मिळून संपवल्या तर चौथ्या दिवशी टेस्टरच्या हातात काहीतरी पडतं. ऐरोलीकर याला कार्डांची मर्यादा म्हणतील. स्क्रममध्ये हेच स्प्रिंट गोलमधून (स्प्रिंटच्या एका उद्दिष्टातून) यायला हवं, पण गोल म्हणून 'जिरामधली १२ तिकिटं संपवणे' लिहिलं की कसं येणार? 'साध्या प्रवाशाला पास काढता यावा' हा गोल. आणि रेट्रोत, म्हणजे स्प्रिंटअखेरच्या 'काय सुधारायचं' बैठकीत, दहा मुद्दे लिहून काढू नका. एक बदल, एक नाव, पुढच्या स्प्रिंटच्या बॅकलॉगमध्ये (कामांच्या यादीत) एक कार्ड.

ऐरोलीकर
तुमच्या या परिच्छेदातलं काहीही परीक्षेत येत नाही, हेच तर म्हणतोय. माझा विरोध परीक्षेला नाही, तिच्या तारखेला आहे. सहा स्प्रिंट झाल्यावर द्या.

कोपरी_पूर्व
सहा स्प्रिंट म्हणजे तीन महिने. तेवढ्यात चुकीची डेली हाडीमासी खिळते. १३ पानं पहिल्याच आठवड्यात, सगळ्या टीमनं, टेस्टर आणि बीएसकट. परीक्षेची फी नंतर भरा हवं तर.

तिरकस
बीएला वाचायला द्याल. 'हो' म्हणायचा अधिकार कोण देणार?