नवीन पंपवाली एअर रायफल हवा धरत नाही, न उघडता काय तपासू?

सक्करदरा_शूटर:
भाऊ लोकं, हाताने पंप मारायची नवी कोरी रायफल घेतली, ४.५ मिमी बोर (नळीचं आतलं माप). पंप मारून लगेच फायर केली तर मस्त, १० मीटरवर छर्रे एकाच जागी. पण पंप मारून पंधरा मिनिटं ठेवली अन् मग छर्रा भरून मारला की आवाज फुस्स, छर्रा पार खाली. दुकानदार म्हणते चालून चालून सेट होईल. वॉरंटी आहे म्हणून खोलायची नाही.

मानकापूर_रेंजवाला:
लगेच मारल्यावर जोर आहे म्हणजे पंप ठीक आहे, हवा व्हॉल्व्हमधून निसटून रायली. छर्रा भरू नका, तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून दूर, अन् दोन-तीन पंप मारून थांबा. पंपाचा दांडा आपोआप हळूहळू उघडत असेल तर पंपाकडचा व्हॉल्व्ह हवा मागे सोडते. दांडा जागेवर असेल तर छर्रा भरायच्या जागी टिश्यूची बारीक पट्टी धरा, फडफडली की बॅरलकडचा व्हॉल्व्ह लीक. नळीच्या तोंडाला कान लावून ऐकायचं नाही, कधीच नाही! नव्या मालात कारखान्यातला धातूचा कीस व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह बंद होऊन टेकते ती जागा) अडकलेला असू शकते, तीन-चार पंप मारून बिना छर्र्याची सुरक्षित दिशेला सोडा, असं काही वेळा केलं की बरेचदा उडून जाते. हे फक्त पंपवालीत हं, स्प्रिंगवाली रिकामी मारली तर पिस्टन आपटून सील जाते.

इतवारीचा_फिटर:
अन् कुणी सांगितलं म्हणून डब्ल्यूडी-४० (गंज काढायचा स्प्रे) मारू नका बापा, रबराची वाट लागू शकते. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच तेल, पंपाच्या वॉशरवर एक-दोन थेंब, बस. बॅरलमध्ये तेल गेलं तर छर्रे काही वेळ कुठंही जातात. ठेवताना एक पंप हवा आत राहू द्या, छर्रा मात्र नको, व्हॉल्व्ह बंद राहते अन् धूळ बसत नाही. आपल्या इकडच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका.

छर्रा_अन्_कागद:
दुकानदाराला तोंडी सांगून काही होत नाही, आकडे दाखवा. कुणाकडे क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर तेवढेच पंप, तोच छर्रा, पाच लगेच मारा अन् पाच पंधरा मिनिटं थांबून, दोन्हीचा वेग लिहून ठेवा. ८.४ ग्रेन वजनाचा छर्रा सेकंदाला ६०० फुटांनी गेला तर त्याची ताकद साधारण ९ जूल होते. ४.५ मिमी बोर अन् २० जूलपर्यंतच लायसन लागत नाही, म्हणून "ताकद वाढवून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात रायफल देऊ नका.

सक्करदरा_शूटर:
दांडा गप बसून आहे, टिश्यू मात्र फडफडते. रिकामे फायर करून पाहिले, थोडा फरक आहे पण लीक आहेच. आता व्हिडिओ काढून उद्या दुकानात, व्हॉल्व्ह बदलून द्या म्हणतो. ते "सेट होईल" आता नाही ऐकणार.