जुनी कंपनी पत्र देईना, फोनही उचलेना: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, कोथरूड
खराडीतली नोकरी सोडून मला पाच महिने झाले. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा, तो शेवटच्या दिवसापर्यंत भरला. लॅपटॉप जमा केला, त्याची पोच घेतली. तरी रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, नाही. मॅनेजरसाहेबांचा राग एवढाच, की सॉफ्टवेअरचं रिलीज तोंडावर असताना मी राजीनामा दिला. एचआरला मेल केला की 'प्रोसेसमध्ये आहे', आणि साहेबांना फोन केला की रिंग पूर्ण वाजून बंद होते. नव्या कंपनीला पत्र हवंय, शिवाय माझ्याबद्दल बोलतील अशा दोघांची नावं. त्यातलं एक 'शेवटचे रिपोर्टिंग मॅनेजर' असावं असं फॉर्मवर छापलेलंच आहे! सासूबाई म्हणतात, पेढे घेऊन जा त्याच्याकडे. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा. सल्ला नको, काय घडलं ते सांगा. (बरं, सल्लाही चालेल.)

भोसरीचा क्वालिटीवाला
ताई, तुमच्याकडे निदान मेल तरी आहेत. आमच्या गाळ्यात चौदा माणसं. वीसच्या आत, म्हणून पीएफ नव्हताच. सहा वर्षं इन्स्पेक्शन केलं. चाकणला मोठ्या कारखान्यात जागा निघाली तेव्हा शेठ म्हणाले, "दाखला देतो की, आधी दुसरा माणूस तयार कर." केला. मग म्हणाले, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाल्यावर म्हणाले, "कसला दाखला, तू तर हेल्पर म्हणून लागला होतास!"

माझ्याकडे होतं फक्त ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड. कारखान्यात दहाच्या वर माणसं असल्यामुळे शेठना ते काढावंच लागलं होतं, आणि त्यात महिन्यामहिन्याचं अंशदान दिसत होतं. म्हणजे मी तिथे होतो एवढं सिद्ध. काय काम करत होतो, ते नाही. तिथे कामी आलं आमचं गिऱ्हाईक. माल ज्या कंपनीत जायचा तिथे प्रत्येक लॉटबरोबर माझ्या सहीचा रिपोर्ट जायचा, आणि रिजेक्शन आलं की इनवर्डच्या साहेबांचा शिव्या घालायला फोन मलाच यायचा. त्यांना भीत भीत विचारलं. म्हणाले, "बिनधास्त दे माझा नंबर." इंटरव्ह्यूला मला व्हर्निअर आणि बोअर गेज देऊन दहा नग मोजायला बसवलं, त्यानंतर दाखल्याचा विषयच निघाला नाही. शेठ अजून भेटतात. चहा पाजतात. दाखला देत नाहीत.

पलीकडच्या बाजूची
मी चार वर्षं उमेदवारांच्या जुन्या नोकरीची पडताळणी करणाऱ्या एजन्सीत होते, जुन्या कंपन्यांना मेल टाकणं हेच काम. कंपनीने उत्तर न देणं ही आमच्यासाठी रोजची गोष्ट. त्यावर 'खोटं' असा शेरा मारत नाहीत, 'पडताळणी होऊ शकली नाही' असा मारतात. मग उमेदवाराकडून ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, पगार जमा झाल्याच्या नोंदी असलेलं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि पीएफची सर्व्हिस हिस्ट्री मागतात. फॉर्म १६ कंपनीने दिला नसेल तर आयकराच्या साइटवर २६एएस हा कापलेल्या कराचा उतारा बघा. पगारातून कर कापला असेल तर तिथे कंपनीचं नाव आणि टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) येतो, आणि त्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

नोकरी जाते ती तारखांमुळे. एका मुलाने गॅप झाकायला शेवटची तारीख तीन आठवडे पुढे ढकलली. पीएफमध्ये खरी होती. गॅप तशीच सांगितली असती तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं! दुसरं, मित्राचा नंबर मॅनेजर म्हणून देऊ नका. आम्ही कंपनीच्या बोर्डलाइनवरही फोन करायचो. आणि ताई, नव्या एचआरला आजच लेखी कळवा, की जुने लोक नाराज आहेत, काय काय मागितलं, कधी मागितलं. तुमच्याकडून आधी कळलेलं आणि आमच्या रिपोर्टातून कळलेलं, यात फार फरक पडतो.

हडपसर
पीएफचा विषय निघालाय म्हणून. माझ्या कंपनीने सोडल्याची तारीखच भरली नव्हती, त्यामुळे कागदोपत्री मी एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीला! गोळीबार मैदानाच्या पीएफ ऑफिसात दोन खेटे घातल्यावर तिथल्या एका बाईंनी सांगितलं, की जानेवारी २०२० पासून ही तारीख आपली आपल्याला टाकता येते. शेवटचं अंशदान जमा होऊन दोन महिने झाले पाहिजेत आणि मोबाइल आधारला जोडलेला हवा. पीएफच्या साइटवर मॅनेज, मार्क एक्झिट, ओटीपी, संपलं. तारीख मात्र राजीनाम्याच्या मेलशी ताडून मगच टाका, एकदा गेली की बदलताना नाकी नऊ येतात.

सिस्टर
आम्हा नर्सेसचं वेगळंच. बाँडच्या नावाखाली हॉस्पिटलने मूळ प्रमाणपत्रंच ठेवून घेतली होती. वकिलाची नोटीस स्पीड पोस्टने गेल्यावर आठव्या दिवशी प्रमाणपत्रं मिळाली, पाकीट न उघडता परत दिल्यासारखी. अनुभवाचं पत्र नाहीच दिलं. आमच्या मेट्रन तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी घरी बोलावून साध्या कागदावर, निळ्या शाईने दीड पान लिहून दिलं: आयसीयूत किती वर्षं, कुठल्या पाळ्या, व्हेंटिलेटरचे पेशंट एकटी सांभाळते की नाही. नव्या ठिकाणी त्यांनाच फोन गेला. लेटरहेड कुणी विचारलं नाही.

वाकड
मी तावातावाने वाकडेवाडीला कामगार खात्यात गेलो होतो. साहेब सभ्य होते. पदनाम आणि कामाचं स्वरूप विचारलं आणि म्हणाले, तुम्ही मॅनेजर, कायद्याच्या व्याख्येत कामगार नाही. असो. येताना वडापाव खाल्ला.

निवृत्त कारखानदार
सगळे शेठला धुताहेत, म्हणून लिहितो. मीही एकाला दाखला नाकारला होता. तो जाताना गिऱ्हाइकाची ड्रॉइंग्ज घेऊन गेला असा माझा संशय होता. संशयच, पुरावा नव्हता. त्याच्यासाठी फोन आला तेव्हा मी 'विचारू नका' एवढंच म्हणालो, आणि त्या दोन शब्दांनी त्याचं काम अडलं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक हुद्दा, एवढ्या दोन ओळींना माझं काही जात नव्हतं. ताई, तुमच्या साहेबांकडे स्तुती मागू नका. या दोन ओळींचा मसुदा तुम्हीच करून पाठवा, खाली फक्त सही मागा.

धागाकर्ती
काका, मसुदा पाठवला. साहेबांना नाही, एचआरच्या वरच्या बाईंना, पोचपावतीची प्रत जोडून. चौथ्या दिवशी तारखा आणि हुद्द्याचं पत्र आलं. आडनाव चुकलंय, पण आलं! रेफरन्ससाठी आधीच्या टीमलीडचं नाव दिलं, ते आता बाणेरला दुसऱ्या कंपनीत आहेत, लगेच हो म्हणाले. सोमवारी जॉइनिंग. आता नव्या एचआरला आडनावाच्या चुकीबद्दल प्रतिज्ञापत्र हवंय. शिवाजीनगर कोर्टाबाहेर विचारलं तर म्हणे शंभरचा स्टँप बंद झाला, पाचशेचाच घ्या. सासूबाई म्हणतात, पेढे स्वस्त पडले असते.