शिव्या भांडवलशाहीला, एसआयपी म्युच्युअल फंडात. मग हमीचे पैसे कोण भरणार?

माणदेशी_गणक (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात ऑफिसात जेवताना दोन विषय निघाले, एकामागोमाग. पहिला, शेजारच्या टीममधल्या अकरा जणांना एका दुपारी मीटिंगला बोलावून नारळ दिला त्याचा. 'कंपन्या माणसाचं चिपाड करून फेकतात', 'ही भांडवलशाही आपल्यालाही खाणार' वगैरे. दुसरा, लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांचा. 'आमच्या टॅक्सवर फुकटे पोसा!' डबे तेच, माणसं तीच, मध्ये फक्त ताक येऊन गेलं.

मला यात ढोंग वाटत नाही. बाजार बंद करा असं त्या टेबलावर कुणीच म्हणत नव्हतं, प्रत्येकाची एसआयपी चालू आहे. पण घसरलो तर खाली काहीतरी असावं, असंही प्रत्येकाला वाटतं. स्वतःच्या खाली असलं की ती 'सुरक्षा', दुसऱ्याच्या खाली असलं की 'फुकट'.

आता पगाराची स्लिप काढा. 'पी. टी. २००', म्हणजे व्यवसाय कर, अशी एक ओळ असेल, फेब्रुवारीत ३००. ही ओळ कुठून आली ते टेबलावरच्या नऊ जणांपैकी एकालाही सांगता आलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी माण तालुक्यात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो, एवढं तिला शेवटपर्यंत आठवायचं. मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की तोंड वाकडं. त्याच काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी उभी राहिली. १९७७ साली कायदा, १९७९ च्या २६ जानेवारीपासून अंमल. पैसा कुठून आला? १९७५ चा व्यवसाय कर, बागायती जमिनीवरचा आकार, मोटारींवरचा आणि विक्रीकरावरचा जादा कर, आणि या सगळ्यातून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारची. थोडक्यात, दादरच्या कारकुनाने आणि पाटाखालच्या बागायतदाराने माझ्या आजीच्या हजेरीपटाचे पैसे भरले. दिल्लीला हे सुचायला २००५ उजाडलं.

बाजार राहू दे, पण भरणार कोण, घेणार कोण आणि कशासाठी हे कायद्यात लिहिलेलं असू दे, असा सौदा या राज्याने एकदा केलाय आणि लोकांनी तो निमूट पाळलाय. सामाजिक लोकशाही म्हणतात ती याहून फार वेगळी नसावी. आजच्या रोख योजना निवडणुकीच्या तोंडावर येतात. त्यांचा भार कुणावर ते कुणी सांगत नाही. त्यामुळे भरणारा चिडतो आणि घेणारीला पुढच्या महिन्याची खात्री नाही. तसा सौदा पुन्हा जमेल का? पक्षांची नावं न घेता बोलू या.

कोरडवाहू

सपशेल असहमत. शेतकऱ्याने भांडवलशाही पाहिलीच कुठे, की तिच्याबद्दल मत बनवावं? २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली, ती उठायला मे उजाडला. माल आमचा, चाळ आमची, सडला तर तोटा आमचा, आणि विकायचा कुठे ते ठरवणार दिल्लीतला बाबू. याला बाजार म्हणायचं? आम्ही शरद जोशींच्या सभांना ट्रॅक्टर भरून गेलेली माणसं. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा मी शाळेत असताना भिंतीवर गेरूने लिहिलीय.

तुमची रोहयो काय होती? आधी भाव पाडायचा, मग त्याच शेतकऱ्याला खडी फोडायला बोलवायचं आणि वर उपकार. मधल्या मध्ये बोगस हजेरीपट, मेलेल्या माणसांचे अंगठे. तुमच्या आजीला ज्वारीचा भाव मिळाला असता तर हमीची गरजच पडली नसती.

माणदेशी_गणक

@कोरडवाहू, बोगस हजेरीपट मान्य, आमच्या गावातही एक मुकादम त्यावर माडी बांधून मोकळा झाला. निर्यातबंदीवरही तुमच्याच बाजूने. पण बहात्तर साली ज्वारीला भाव मिळायला आधी ज्वारी उगवायला हवी होती हो.

भोसरी_लेथ

माझ्याकडे चौदा माणसं, तीन सीएनसी आणि एक वडिलांच्या वेळचा लेथ. 'भरणारा' म्हणजे शेवटी मीच, म्हणून लिहितोय. मोठी कंपनी नव्वद दिवसांनी पैसे देते, जीएसटी मी वीस तारखेला भरतो. माझ्यासाठी हमी कुठल्या कायद्यात आहे?

आणि कायद्यात लिहून टाकलं की झालं, हे तर बोलूच नका. गेल्या पावसाळ्यात बार स्टॉकचा टेम्पो आला. माझीच पोरं उतरवत होती. गेटवर दोन बुलेट थांबल्या, 'आम्ही माथाडी, वाराई द्या', म्हणजे माल उतरवल्याची मजुरी. मालाला हात लावला नाही, हजार रुपये घेऊन गेले. पावती मागितली तर हसले. मूळ कायदा चांगल्या हेतूचा असेल, माझ्या गेटवर येईस्तोवर त्याची खंडणी झालेली असते. आणखी एक कर लावा म्हणणाऱ्यांनी आधी एक दिवस माझ्या गेटवर उभं राहावं.

आकडा_आणि_पोतं

@भोसरी_लेथ, ते माथाडी नव्हते दादा, गुंड होते, आणि त्यांनी आमच्या बापाचं नाव बदनाम केलंय याचा राग तुमच्याइतकाच मला आहे. पण खरं माथाडी काय ते ऐका.

वडील आधी मस्जिद बंदरला, मग बाजार हलला तसे वाशीला. शंभर किलोचं पोतं. पोत्यात आकडा रोवायचा, मान खाली, पाठीवर घ्यायचं. उजव्या खांद्यावरचं कातडं म्हशीच्या गुडघ्यासारखं झालं होतं, लहानपणी आम्ही त्यावर बोटं फिरवायचो. १९६९ च्या आधी या माणसाला मालकच नव्हता. व्यापारी म्हणायचा माझा नाही, ट्रकवाला म्हणायचा माझा नाही. अण्णासाहेब पाटलांनी कायदा करवून घेतला तो नेमका इथे बसला. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, माथाडी मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला पगार द्यायचा. लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. मालक कोण हा वादच संपला. आम्ही कोपरखैरणेत ज्या घरात राहतो ते त्या मंडळामुळे, मी इंजिनिअर झालो तो त्या बोनसवर.

आज डिलिव्हरीच्या पोरांना नेमकं हेच हवंय. ॲप म्हणतं माझा नोकर नाही, हॉटेल म्हणतं माझा नाही. १९६९ च्या आधीचं मस्जिद बंदर, फक्त पाठीवर पोत्याऐवजी चौकोनी बॅग.

पेन्शनवाला_नाही

तिकडे सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये सगळं राज्य आठवडाभर ठप्प केलं. त्यांना हमी, आम्हाला बाजार. बाकी चालू द्या.

गिरणगाव_लाल

धागाकर्त्याचा लेख गोड आहे, पण त्यात एक गोष्ट गायब आहे: भीती. 'सौदा केला' म्हणे. सौदा बरोबरीच्यांत होतो. बहात्तर-त्र्याहत्तरला दुष्काळी कामांवर लाखो माणसं होती, संघटना होत्या, मोर्चे निघत होते. सरकार घाबरलं म्हणून कायदा आला. माथाडीही तसंच, आधी संप, मग कायदा.

१८ जानेवारी १९८२ पासून मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतला असं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही, तो नुसता विरून गेला. मालकांना त्या दिवसापासून कळलं की घाबरायचं कारण नाही. पुढे १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये एका दुरुस्तीने वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती केली, बांधकामाखालची जमीन बाहेर. एक ओळ बदलली आणि शहराच्या वाट्याचं मैदान मॉल झालं. शेवटी सुप्रीम कोर्टानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. कायद्यात लिहिलेलं होतं ना? मग? सुधारणा टिकते ती राखणारी माणसं रस्त्यावर असेपर्यंत. पगाराच्या स्लिपवरची ओळ काही राखण करत नाही.

उप्सालाची_सुमा

इथे नऊ वर्षं आहे, त्यामुळे स्वीडनचं नाव निघायच्या आधीच लिहिते. :)

भारतातल्या मैत्रिणींना वाटतं, इथे भांडवलशाही नाही. उलट भरपूर आहे. किमान वेतनाचा कायदासुद्धा नाही! पगार संघटना आणि मालक बसून ठरवतात, दहातले जवळपास सात कामगार संघटनेत आहेत म्हणून ते जमतं. लाल बावटेवाल्यांचा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर. संपत्ती कर २००७ मध्ये काढून टाकला, वारसा कर त्याच्याही आधी. कर मुख्यतः भरतो आम्ही साधे पगारदार: पगाराचा साधारण तिसरा हिस्सा नगरपालिका आणि प्रांताला, वर बहुतेक खरेदीवर २५ टक्के व्हॅट.

तरी लोक का भरतात? मागच्या फेब्रुवारीत मुलाला ताप आला. सकाळी फोनवर दोन बटणं दाबली, घरी राहिले, त्या दिवसाचे बरेचसे पैसे विम्यातून आले. आमच्या ऑफिसची सफाई करणाऱ्या बाईंनाही तीच बटणं, तोच विमा. पाळणाघराच्या फीला सगळ्यांना कमाल मर्यादा. महाराष्ट्रातला मध्यमवर्ग भरतो आणि वर शाळा खासगी, दवाखाना खासगी, पाण्याचा टँकरही खासगी. तो चिडणारच. त्याला काही मिळतच नाही, तो फक्त दाता. 'गरिबांसाठी योजना' म्हटलं की ती गरीबच राहते.

(इथेही सगळं आलबेल नाही. नफ्यावर चालणाऱ्या शाळा सरकारी पैशावर फोफावल्यात, त्यावर दर निवडणुकीत भांडण.)

शिरूर_कासारची

सगळं वाचलं. एक विचारू? या सौद्यात आम्ही कुठे होतो?

आईबाप ऊस तोडायला जायचे. सहकाराचा तुम्हाला फार अभिमान, प्रवरेचा कारखाना, विठ्ठलराव विखे, धनंजयराव गाडगीळ, शाळेत सगळं पाठ केलंय आणि आता शिकवतेही. सभासद शेतकऱ्याला भावाचा कायदा, कारखान्यातल्या कामगाराला करार. आणि फडातल्या कोयत्याला? नवराबायको मिळून एक कोयता. माणसं दोन, हिशेब एक, आणि तो बापाच्या नावावर. उचल दिवाळीआधी मुकादमाकडून, ती फिटेपर्यंत सुटका नाही. आई पहाटे तीनला गाडी भरायला उठायची तेव्हा मी कोपीत धाकट्याला धरून बसायचे. पाळीचा खाडा झाला तर दंड. बायकांनी गर्भपिशव्या काढून घेतल्या ते २०१९ मध्ये पेपरांत आलं, आम्हाला ते आधीपासून माहीत होतं.

आता पंधराशे रुपयांबद्दल. धागाकर्ते म्हणतात तो 'सौदा' नाही. नसेल. पण माझ्या आईच्या एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिच्या एकटीच्या नावावर आलेले ते पहिले पैसे. त्यात मुकादम नाही, बाप नाही, कारखाना नाही. पहिल्या हप्त्यातून तिने चष्मा केला. कुणाला ते फुकट वाटत असेल तर त्यांनी एक मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढून दाखवावं.

भोसरी_लेथ

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कोरडवाहू

@शिरूर_कासारची, तोडणीचे पैसे शेवटी ऊसवाल्याच्याच बिलातून कापतात, म्हणजे आमच्याच. वर लाच म्हणून एकरी एंट्री वेगळी. आम्हालाही कुणी सोडत नाही. पण तुमचं म्हणणं खोटं नाही.

माणदेशी_गणक

शिरूरच्या ताईंनी माझ्या मांडणीतली मोठी चूक दाखवली. रोख योजनेला मी निवडणुकीचा माल म्हणून झटकलं. थेट स्वतःच्या खात्यात येणारा पैसा ही वेगळी गोष्ट आहे, कबूल. माझी तक्रार आता एवढीच उरते की तुमच्या आईचा तो हक्क व्हायला हवा, केवायसीच्या नव्या फेरीत गळेल अशी मर्जी नको. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारचे, हे ठरलं ते मला या दिशेचं वाटतं. फडापर्यंत किती पोचतं ते तुम्ही सांगा.

@गिरणगाव_लाल, राखणीचा मुद्दा मान्य, आणि पुरावा माझ्याच स्लिपमध्ये आहे. व्यवसाय कराची कमाल मर्यादा घटनेच्या कलम २७६ मध्ये आहे. ती १९८८ मध्ये वर्षाला २५० वरून २,५०० केली, त्यानंतर हललेली नाही. त्यामुळे महिन्याला चार लाख घेणारा आमचा डायरेक्टर आणि वीस हजारांचा ऑफिस बॉय, दोघांचे २,५०० च. पुढे २००५ च्या कायद्याने पहिल्या शंभर दिवसांची मजुरी केंद्राने उचलली, आपण मात्र त्याच नावाने कर गोळा करत राहिलो. ना कुणी वाढवा म्हणालं, ना कुणी हिशेब द्या म्हणालं.

आकडा_आणि_पोतं

डायरेक्टरची मर्यादा उठवा आणि त्या पैशातून डिलिव्हरीच्या पोरांचं मंडळ काढा. ॲपकडून ऑर्डरमागे लेव्ही. सामाजिक सुरक्षेच्या नव्या संहितेत ॲपवाल्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायचं लिहिलेलंच आहे.

गिरणगाव_लाल

लिहिलेलं आहे. तेच म्हणतोय मी.

भोसरी_लेथ

काल रात्री हिशेब केला. चौदा माणसांमागे महिन्याला आणखी सातशे-आठशे रुपये मला जड नाहीत. जड आहे ते गेटवरचं. असं करा: एकच रक्कम, एकच तारीख, मोबाईलवर पावती, आणि पावती दाखवली की बुलेटवाला, इन्स्पेक्टर, कुणीही आत नाही. आणि मोठ्या कंपनीने माझं बिल पंचेचाळीस दिवसांत दिलं नाही तर माझा हप्ता तिने भरायचा. जमत असेल तर बोला, पहिली सही माझी.

शिरूर_कासारची

पावतीवर आईचं नाव वेगळं येईल का? बापाच्या नावाखाली नको.