बालाघाटातल्या लेकरांनी पोहायचं कुठं? विहीर, बंधारा की नदी?

बालाघाटी
सुट्ट्या लागल्या की बीड, पाटोदा, केज, अंबाजोगाई पट्ट्यात बुडाल्याच्या बातम्या येतात आणि तलावावर ‘पोहण्यास सक्त मनाई’ची पाटी लागते. पाटी बघून लेकरं घरी बसत नाहीत, आणखी आडबाजूला जातात, जिथं हाकेला ओ द्यायला कुणी नसतं. आपल्या डोंगरपट्ट्यात बिंदुसरा काय, वाण काय, उन्हाळ्यात पात्र कोरडं. एप्रिल-मेमध्ये पोहण्याजोगं पाणी म्हणजे विहीर, शेततळं नाहीतर धरण.

म्हणून माझा आग्रह आहे की गावानं एक विहीर ठरवून पोहण्यासाठी तयार करावी. पायऱ्या पार पाण्यात उतरलेल्या हव्यात, कठडा शाबूत हवा, आत सुटलेले दगड किंवा कपार नको. फुटाफुटावर गाठी मारलेला दोर दगड बांधून सोडायचा आणि दर आठवड्याला खोली मोजायची. पाण्याची खोली 10 फुटांहून कमी झाली की वरून सूर, मुटका सगळं बंद, पायरीवरूनच उतरायचं. मेमध्ये माना मोडतात त्या याच कारणानं. पाणी महिन्यात चार हात उतरलेलं असतं, उडी मात्र त्याच कठड्यावरून पडते. पाण्यालगत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक जाड दोर आडवा ताणून ठेवा, दमलेल्याला धरायला.

शिकणाऱ्याला वाळका भोपळा, पांगऱ्याचं लाकूड किंवा घट्ट बुचाचे 5 लिटरचे दोन रिकामे कॅन. बांधायचे पाठीवर, काखेच्या लगेच खाली. कमरेला बांधले तर कंबर वर येते आणि तोंड पाण्यात जातं.

कोरडवाहू
विहिरीला माझा ठाम विरोध. तुम्ही दोर आणि भोपळ्याबद्दल लिहिलं, मोटारीबद्दल एक ओळ नाही. आज कोणत्या विहिरीत पाणबुडी मोटार नाही? केबलला दोन-तीन ठिकाणी जोड, त्यावर नुसती चिकटपट्टी आणि स्टार्टर ‘ऑटो’वर. लाइट कधी येईल याचा भरवसा नसतो, आली की मोटार आपोआप सुरू होते. जोडातून करंट पाण्यात उतरला तर माणूस फेकला जात नाही. स्नायू आखडतात, आवाज न करता तो खाली जातो. वरच्यांना वाटतं वांब आला, मग दुसरा उडी मारतो आणि तोही जातो.

दुसरं म्हणजे पिण्याचं पाणी. टंचाईत तहसीलदार विहिरी अधिग्रहित करतात, त्यावरून टँकर भरतात. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात पाण्याच्या विहिरीत पन्नास लेकरं उतरवायची?

बालाघाटी
मोटारीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. नियम असा हवा: स्टार्टर बंद करून भागत नाही, पेटीतल्या तिन्ही फेजच्या फ्यूज ग्रिपा काढून पोहणाऱ्यांतल्या मोठ्या माणसानं स्वतःजवळ ठेवायच्या. शेवटचा माणूस वर आला की परत. हे जमत नसेल त्या विहिरीत उतरायचंच नाही. अधिग्रहित विहीर तर यादीतच नको. निवडायची ती मोटार नसलेली जुनी बारव, किंवा जिचं पाणी फक्त शेताला जातं अशी. पण वर्षानुवर्षं न उपसलेल्या, झुडपांनी झाकलेल्या विहिरीत थेट उतरू नका. तळाशी वाईट हवा साचलेली असते, आत गेलेला परत हाक मारत नाही.

गंगथडी
तुम्ही दोघंही खोल पाण्यावरच भांडताय. नवशिक्याला पाय टेकणारं पाणी लागतं, आणि ते विहिरीत कधीच मिळत नाही. कोल्हापुरी बंधाऱ्याचा, म्हणजे नदीवरच्या दारं बसवलेल्या बुटक्या भिंतीचा, फुगवटा (मागं साचलेलं पाणी) त्यासाठी चांगला. छातीइतकं पाणी, उताराचा काठ, ऊन लागणारी जागा.

अटी आहेत. बंधाऱ्याच्या भिंतीपासून निदान 50 मीटर लांब. दारं नीट बसलेली नसतील तर फटीकडे पाण्याची ओढ असते, पाय किंवा हात तिथं अडकला की सुटत नाही. वरून पाणी सांडत असेल तर खालच्या बाजूला अजिबात नको. तिथं पाणी जागच्या जागी गोल फिरतं आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर पडू देत नाही. भिंतीवरून सूर मारायचा नाही, खाली काँक्रीट असतं.

गोदावरीत मात्र मी कुणाला पाठवणार नाही. पैठणपासून नांदेडपर्यंत जिथं जिथं वाळू उपसली तिथं पात्रात खड्डे आहेत. कमरेइतक्या पाण्यातून पुढचं पाऊल थेट दोन पुरुष खोल पडतं, आणि काठाची वाळू पायाखालून ढासळत राहते, त्यामुळे मागंही फिरता येत नाही. घाटाच्या पायऱ्या सोडून पुढं जायचं नाही.

पाटोदेकर
गंगथडी, तुमचा फुगवटा मार्चअखेर आमच्याकडे चिखल असतो. काळ्या मातीचा गाळ, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. धरणाचं पाणी मागं हटतं तेव्हा काठालाही हेच होतं. जायकवाडी धरणाचा नाथसागर तर पक्षी अभयारण्य आहे आणि संभाजीनगरच्या पिण्याचं पाणीही, तो विषयच नको.

पावसाळ्यात सौताड्याच्या धबधब्याखाली पोहायला जाणाऱ्यांनाही सांगतो, तिथं विंचरणा नदी खोल दरीत पडते. खाली ऊन असतं आणि वर पठारावर पाऊस झाला की लोंढा थेट डोक्यावर येतो. पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहू लागला की लगेच बाहेर.

आणि शेततळं सगळ्यात वाईट. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल, उतारावर 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद. त्यावर शेवाळ धरलं की पोहता येणारा माणूससुद्धा वर चढू शकत नाही. ओला कागद धरायला काही देतच नाही. शेततळं ज्याचं आहे त्यानं चारही बाजूंना खुंटीला बांधलेला, गाठी मारलेला नायलॉन दोर तळापर्यंत सोडावा, दोराला जुने टायर अडकवले तर आणखी बरं. कुंपणासकट खर्च शेततळ्याच्या मानानं किरकोळ आहे, आणि त्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता सोडूच नये असं माझं मत.

कोरडवाहू
शेततळ्यावर पूर्ण सहमत. विहिरीला विरोध कायम, पण लेकरं जाणारच असतील तर काठावर काय हवं ते तरी लिहून ठेवू. 20 मीटर दोर, टोकाला बंद कॅन. बुडणारा ओरडत नाही. तोंड वर, हात पाण्यावर दाबत असतो, मिनिटभरात संपतं. आधी दोर फेका, नाहीतर साडी किंवा बांबू. उडी शेवटी, तीही सरावाच्या माणसानंच. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढत बसू नका. 108 ला फोन, आधी तोंडानं 5 श्वास, मग छातीच्या मधोमध 30 दाब, 2 श्वास, पुन्हा 30. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही.

गंगथडी
हे विहिरीलाही लागू, बंधाऱ्यालाही. फरक एवढाच की बंधाऱ्यातून माणूस ओढत काठावर आणता येतो. विहिरीतून 40 फूट वर कसा आणणार? बालाघाटी, पायऱ्या नसलेल्या विहिरीसाठी याचं उत्तर द्या, मग मी तुमच्या बाजूनं.

बालाघाटी
पायऱ्या नसतील तर ती विहीर पोहण्यासाठी निवडायचीच नाही.