चीनहून कार्बन फ्रेम मागवून सायकल जोडायची आहे. पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे?

घाटवाट, सातारा

नमस्कार मंडळी. गेली 6 वर्षे मी ॲल्युमिनियमची रोड सायकल चालवतो आहे. दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन येतो आणि वर्षाकाठी 200 आणि 300 किलोमीटरच्या दोन-तीन बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) पूर्ण करतो. माझी उंची 174 सेंटिमीटर आणि वजन 78 किलो आहे. मागच्या वर्षी याच सायकलवर मी शिमानो 105 चा 11 गिअरचा, केबलवर चालणारा संच, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि नवी चाके बसवली. त्यामुळे संपूर्ण नवी सायकल घेण्याऐवजी केवळ कार्बनची फ्रेम आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) मागवून हे सगळे भाग तिच्यावर चढवावेत, असा विचार आहे.

शियामेनच्या एका विक्रेत्याने फ्रेम, फोर्क, सीटपोस्ट (सीटखालची नळी) आणि स्टेमसह (हँडलबार फोर्कला जोडणारा तुकडा) एकसंध हँडलबार असा संच 560 डॉलरला आणि वाहतुकीचे वेगळे 110 डॉलर असा भाव दिला आहे. बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या क्रँकचा दांडा ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग) बीबी86 प्रकारचे आहे, सर्व केबल हेडसेटमधून (हँडल ज्यावर वळते ती बेअरिंग) आत जातात आणि जाहिरातीत टी1000 कार्बन असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. घाट उतरताना माझा वेग 60 च्या पुढे जातो, त्यामुळे फ्रेमच्या मजबुतीविषयी मनात धाकधूक आहे. ही फ्रेम घ्यावी का, कस्टममध्ये काय सोपस्कार असतात, आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोरापर्यंतच बोल्ट आवळू देणारा पाना) विकत घेतल्यास घरी जुळणी करता येईल का, याबद्दल ज्यांनी स्वतः हे केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

सुटेभाग, पुणे

मी अशा दोन सायकली जोडल्या आहेत. आपण लिहिलेल्या संचातल्या दोन गोष्टींमुळे मी तो घेणार नाही, आणि त्यांतली पहिली म्हणजे बीबी86.

या प्रकारात फ्रेमच्या पोटातले भोक 41 मिलिमीटर व्यासाचे आणि 86.5 मिलिमीटर लांबीचे असते. त्यात आटे नसतात. बेअरिंगचे कप नुसते दाबून बसवायचे असतात. साहजिकच ते भोक नेमक्या मापाचे, पूर्ण गोल आणि दोन्ही बाजूंनी एका रेषेत असणे यावरच सगळे अवलंबून राहते. माझ्या पहिल्या फ्रेमवर बोपदेव घाटात उभे राहून पेडल मारले की दर फेऱ्याला उजव्या बाजूने ‘कट्ट’ असा आवाज येई. मी पेडल काढून ग्रीस लावले, मग सीटपोस्ट, मग मागचा ॲक्सल, पण आवाज काही जाईना. शेवटी क्रँक आणि कप काढून आत वर्नियर लावला, तेव्हा डावीकडे बरोबर 41.0 भरले आणि उजवीकडे उभ्यात 41.0 तर आडव्यात 41.2. भोक गोल नव्हतेच. तो कप मला अंगठ्याने आत ढकलता आला होता, तेव्हाच शंका यायला हवी होती. पुढे मी दोन्ही कप मध्यभागी एकमेकांत आट्यांनी आवळले जातात अशा प्रकारचे बॉटम ब्रॅकेट घेतले, बाहेरून रिटेनिंग कंपाउंड (भाग जागेवर घट्ट धरणारा चिकट द्रव) लावले, आणि आवाज थांबला. पण त्यात चार महिने आणि बरेच पैसे गेले.

दुसऱ्या वेळी मी आट्यांचे बॉटम ब्रॅकेट असलेली फ्रेमच शोधली. बीएसए किंवा टी47 या आट्यांच्या प्रकारांपैकी काहीही चालेल. आपला शिमानोचा 24 मिलिमीटर दांड्याचा क्रँक दोन्हींवर बसतो, आणि बीएसएचे सुटे भाग तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या चांगल्या सायकल दुकानातही मिळतात.

दुसरी गोष्ट म्हणजे हेडसेटमधून जाणाऱ्या केबल. बॅटरीवर चालणारे गिअर असतील तर फक्त ब्रेकचे दोन होज (तेलाच्या नळ्या) आत न्यावे लागतात आणि ते निभते. आपले गिअर मात्र तारेवर चालणारे आहेत. हँडलबारमधून स्टेममध्ये, तिथून वरच्या बेअरिंगजवळून फ्रेममध्ये अशी तीन वळणे घेतल्यावर तार घासते आणि मागचा गिअर जड होतो. शिवाय साताऱ्याच्या पावसात वरचे बेअरिंग एक-दोन वर्षांत खराब होणार, आणि ते बदलण्यासाठी ब्रेकचा होज सोडवून, नवे तेल भरून, हवा काढावी लागणार. एरवी अर्ध्या तासाचे हे काम अर्ध्या दिवसाचे होते. डाउनट्यूबच्या (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीच्या) वरच्या टोकाला केबल आत शिरते अशा फ्रेम अजूनही मिळतात, त्यांतली पाहावी. एकसंध हँडलबार तर मुळीच घेऊ नये, कारण स्टेम 10 मिलिमीटर आखूड हवा असे लक्षात आले की संपूर्ण हँडलबार टाकून द्यावा लागतो.

मापाचे म्हणाल तर एम किंवा 52 या अक्षर-आकड्यांकडे पाहू नका. आपल्या आत्ताच्या सायकलचा स्टॅक आणि रीच (बॉटम ब्रॅकेटपासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची आणि आडवे अंतर) मोजा आणि विक्रेत्याच्या आराखड्यातील त्याच दोन मापांशी ताडून पाहा.

तंतू, नाशिक

माझे रोजचे काम कार्बन आणि ग्लास फायबरच्या भागांचे आहे, म्हणून मजबुतीच्या प्रश्नावर लिहितो.

टी700, टी1000 ही जपानच्या तोरे कंपनीच्या धाग्यांची नावे आहेत. टी700 ची ताणशक्ती 4,900 मेगापास्कल आणि टी1000 ची 6,370, हे खरे आहे. पण फ्रेम म्हणजे नुसता धागा नव्हे. इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेल्या कापडाचे शेकडो तुकडे साच्यात हाताने एकावर एक रचलेले असतात, काही नळीच्या लांबीला धरून, काही 45 अंशांत. आतला फुगा फुगवून ते साच्यावर दाबले जातात आणि उष्णतेने पक्के होतात. तुकडा कोणत्या कोनात ठेवला, सांध्यापाशी किती थर एकमेकांवर चढले, दाब सर्वत्र सारखा पोहोचला का, यावर ताकद ठरते. उत्तम धाग्याची फ्रेम वाईट रचणीमुळे कमकुवत निघू शकते, आणि टी700 ची काळजीपूर्वक रचलेली फ्रेम आयुष्यभर टिकू शकते. त्यामुळे जाहिरातीतल्या टी1000 ला मी फारसे महत्त्व देणार नाही.

‘चिनी’ या शब्दालाही घाबरण्याचे कारण नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या कितीतरी फ्रेम चीनमध्येच तयार होतात, आणि 2025 पासून अस्ताना हा वर्ल्डटूर (व्यावसायिक शर्यतींची सर्वोच्च पातळी) संघ शेन्झेनच्या एक्सडीएस कंपनीच्या सायकलींवर शर्यती करतो आहे. फरक आहे तो तपासणी करणारा कारखाना आणि न करणारा कारखाना यांच्यात. म्हणून विक्रेत्याकडे आयएसओ 4210 या सायकल सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा चाचणी अहवाल मागा. अहवालावर आपल्याच मॉडेलचे नाव आहे का आणि फोर्कची चाचणी त्यात आहे का, हे पाहा. फोर्कवर मी मुद्दाम जोर देतो, कारण फ्रेम बहुधा आधी कुरकुरते, तिला तडा दिसतो, ती सूचना देते. फोर्कची नळी उतारावर तुटली तर स्वाराला काही करायला वेळच मिळत नाही. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर तो विक्रेता सोडून द्यावा.

फ्रेम हातात आल्यावर काहीही बसवण्यापूर्वी एक तास द्या. बॉटम ब्रॅकेटच्या भोकातून आणि हेडट्यूबमधून (फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीतून) टॉर्च टाकून आतला पृष्ठभाग पाहा. कापडाच्या ठळक सुरकुत्या, कोरडे पांढुरके डाग किंवा रेझिनचे ढेकूळ असता कामा नयेत. मग नाण्याने सर्व नळ्यांवर दर दोन सेंटिमीटरवर हलके ठोकत जा. जाडीप्रमाणे आवाज सावकाश बदलणे स्वाभाविक आहे; परंतु एकाच जागी आवाज अचानक बद्द झाला, तर तिथे थर सुटलेले असण्याची शक्यता असते.

नामांकित कंपनीचे नाव रंगवलेली स्वस्त फ्रेम कोणी देऊ करत असेल तर तिच्या वाटेलाही जाऊ नका. ती बनावट असते आणि तिच्यामागे कोणाचीच जबाबदारी नसते.

बंदर, मुंबई

कस्टमबद्दल थोडक्यात लिहिते. कुरिअर कंपनी आपल्याकडून ओळखीचे कागद मागवून घेते. फ्रेमची किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज हे मूल्य धरले जाते. त्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्काच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्याच्या एकूण बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागतो. शुल्काचे दर अर्थसंकल्पात बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याच्या आठवड्यातच कुरिअर कंपनीकडून अंदाज घ्यावा. म्हणजेच आपला हिशेब 560 वर नव्हे, 670 डॉलरवर सुरू होतो.

विक्रेते पुष्कळदा स्वतःहून विचारतात की बिलावर किंमत 80 डॉलर लिहू का. कृपया नाही म्हणून सांगा. तो गुन्हा आहे, माल अडकतो, दंड होतो. शिवाय वाटेत फ्रेम मोडली तर विम्याची भरपाईही त्या 80 डॉलरचीच मिळते. बनावट बोधचिन्हाचा माल 2007 च्या बौद्धिक संपदा नियमांखाली कस्टममध्ये रोखला जाऊ शकतो, हेही वरच्या सल्ल्याला जोडून सांगावेसे वाटते.

पाना, कोल्हापूर

घाटवाटदादा, घरी जुळणी निश्चित करता येईल, पण 2 ते 15 न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच आधी घ्या आणि मग फ्रेमचे पैसे भरा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कार्बन फ्रेमपैकी पडून फुटलेल्या कमी आणि अंदाजाने बोल्ट आवळून चिरडलेल्या जास्त असतात. स्टेमचे बोल्ट साधारण 5 न्यूटन-मीटरला थांबतात. हाताला ते सैलच वाटते, आणि माणूस आणखी पाव फेरा देतो. सीटपोस्ट घसरत असेल तर जास्त आवळण्याऐवजी कार्बनची खरखरीत पेस्ट लावावी. ग्रीस लावू नये.

स्टिअररची (फोर्कच्या वरच्या टोकाची) नळी कापताना बारीक दातांचे नवे पाते, पाण्याचा हात आणि तोंडाला मास्क असावा, कारण ती धूळ फुप्फुसांसाठी वाईट असते. पहिल्यांदा 15 मिलिमीटर जास्तच ठेवून कापा, स्टेमच्या वर रिंगा घालून महिनाभर चालवा, आणि बसणे अंगवळणी पडल्यावर अखेरचे कापा. आतला एक्स्पांडर (नळीत आतून फुगून घट्ट बसणारा तुकडा) स्टेम जिथे आवळला जातो त्या उंचीवरच आला पाहिजे, म्हणजे बोल्टचा दाब पोकळ नळीवर पडत नाही. ॲल्युमिनियमच्या सायकलमधला स्टारनट (नळीत ठोकून बसवायचा धातूचा नट) कार्बनच्या नळीत कधीही ठोकू नये.

ऑर्डरमध्येच डिरेलरचे दोन जादा हँगर (मागची गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा तुकडा) मागवा. सायकल उजवीकडे पडली की तो वाकतो, आणि नेमका तसाच हँगर इथे मिळण्याची शाश्वती नसते. यूडीएच (अनेक कंपन्यांच्या फ्रेमवर चालणाऱ्या एकाच मापाच्या) प्रकारचा असेल तर काळजी मिटली.

घाटवाट, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. जुना बेत मी सोडून दिला आहे. दुसऱ्या एका विक्रेत्याकडे बीएसए बॉटम ब्रॅकेटची, डाउनट्यूबमधून केबल जाणारी, 32 मिलिमीटर टायर मावणारी आणि साधा स्टेम बसणारी फ्रेम सापडली. तिचे वजन आधीच्या फ्रेमपेक्षा 140 ग्रॅम जास्त आहे, पण आयएसओचा अहवाल फोर्कसह दुसऱ्याच दिवशी मिळाला. यूडीएच हँगर आहे. माझ्या सायकलचा स्टॅक 562 आणि रीच 384 भरला. नव्या फ्रेमचे आकडे 560 आणि 387 आहेत. पूर्ण किंमत बिलावर लिहायला सांगून पैसे भरले.

घाटवाट, सातारा (सात आठवड्यांनंतर)

फ्रेम आली. खोक्याचा एक कोपरा चेपला होता, म्हणून उघडतानाच चित्रीकरण केले. आत सगळे सुखरूप होते. रविवारची दुपार नाणे वाजवण्यात गेली. हेडट्यूबपाशी घट्ट, भरीव आवाज, डाउनट्यूबच्या मध्यावर पातळ, आणि मधला बदल सावकाश. बद्द असे कुठेच वाजले नाही. आत एका ठिकाणी फुग्याच्या प्लास्टिकची पट्टी चिकटून राहिली होती, ती चिमट्याने ओढून काढली. बॉटम ब्रॅकेटचे कप हाताने शेवटपर्यंत फिरले, फक्त उजव्या कपाचे आटे उलटे असतात हे मला दोन मिनिटांनी आठवले.

एक अडचण उरली आहे. मागच्या ब्रेक कॅलिपरचे जुने बोल्ट नव्या फ्रेमवर दोन-तीन आट्यांतच संपतात. तेवढ्यावर भागेल का?

पाना, कोल्हापूर

अजिबात भागणार नाही, दादा. त्या बोल्टवर सायकल दाराबाहेरही नेऊ नका. फ्लॅट माउंटमध्ये (ब्रेक थेट फ्रेमवर सपाट बसवण्याच्या पद्धतीत) बोल्टची लांबी चेनस्टेच्या (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) जाडीवर ठरते आणि आपल्या नव्या फ्रेमची चेनस्टे जुनीपेक्षा जाड आहे. ब्रेक जिथे बसतो तिथली जाडी वर्नियरने मोजा. शिमानोचे बोल्ट 5 मिलिमीटरच्या टप्प्याने येतात. जाडी 25 भरली तर 38 मिलिमीटरचा बोल्ट लागतो, 30 भरली तर 43 चा. माप कळवा, माझ्याकडे दोन्ही आहेत, उद्याच्या कुरिअरने पाठवतो.

घाटवाट, सातारा

आत्ताच मोजले, 30 आहे. 43 चे दोन पाठवावेत.