आजारी नेत्याचे फोटो मीडियाने दाखवावेत की नाही?

भटकंती_फुल: काल गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांचा डिसेंबर २०१८चा तो व्हिडिओ परत समोर आला, मांडवी पुलाच्या पाहणीचा. नाकात नळी, शर्ट अंगावर लोंबतोय, बाजूला आधाराला माणसं आणि समोर कॅमेऱ्यांची झुंबड. तेव्हा निम्मे लोक जिद्दीचे गोडवे गात होते आणि निम्मे म्हणत होते आजारी माणसाला राबवणं हा अमानुषपणा आहे, फोटो मात्र एकच. मला दोन्ही खटकलं. असे फोटो दाखवूच नयेत का?

म्हापशेकर: दाखवा की, पण त्याच्या आधीचंही विचारा. २०१८च्या फेब्रुवारीत सांगितलं सौम्य पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज), मग मुंबई, अमेरिका, एम्स, आणि कॅन्सर म्हणायला २७ ऑक्टोबर उजाडला, तेही आरोग्यमंत्री विश्वजीत राणे बोलले म्हणून. तोवर इकडे रोज नवी अफवा. फायलींचं काय होतंय असं विचारलं की आजारपणाचं राजकारण करता म्हणून आपल्यालाच गप्प करायचे. ३० जानेवारी २०१९ला त्यांनी बजेट मांडलं, बातम्या सगळ्या त्यांच्या भाषणातल्या 'जोश' आणि 'होश'च्या, बजेटमध्ये काय होतं ते आज कुणाला आठवतंय का सांगा.

सुगरण_नाही: माझ्या वडिलांना राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) होती, ती लावून ते दुकानात बसायचे. गिऱ्हाईक आधी दचकायचं, मग साखरेचा भाव विचारायचं. त्यांना घरात बसवलं असतं तर भांडले असते. त्यामुळे नळी दिसली की लगेच 'बिचारा' म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग येतो, त्या माणसाला काय हवंय ते कुणी विचारतच नाही.

चष्मेबद्दूर_पुणे: शरद पवारांचं बघा ना. २००४ला तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, ते स्वतः गुटख्याबद्दल जाहीरपणे बोलतात, तरी त्यांच्या बोलण्याची नक्कल काही थांबत नाही. राजकारणावर टीका करा ना राव, हवे तेवढे मुद्दे मिळतील. आणि २०१९च्या साताऱ्यातल्या पावसाच्या सभेनंतर हाच मीडिया एका रात्रीत योद्धा योद्धा करायला लागला!

भटकंती_फुल: @म्हापशेकर पण आजार ही खासगी गोष्ट नाही का? मुख्यमंत्री झाला म्हणून रिपोर्ट चव्हाट्यावर आणायचे?

म्हापशेकर: रिपोर्ट नकोतच मला. कारभार कोण बघतंय एवढं सांगा. अमेरिकेला जाताना तीन मंत्र्यांची समिती नेमली होती, त्यात आमचे म्हापशाचे आमदार फ्रान्सिस डिसोझाही होते. पुढे सप्टेंबरात तेच उपचारासाठी अमेरिकेत असताना त्यांना मंत्रिमंडळातून काढलं, सोबत दुसरे मंत्री पांडुरंग मडकईकरांनाही, तेही ब्रेन स्ट्रोकनंतर हॉस्पिटलातच होते. म्हणजे मंत्री आजारी पडला तर घरी आणि मुख्यमंत्री आजारी असेल तर एम्समधून कारभार. आता हा प्रश्न नळीचा फोटो दिवसभर फिरवणाऱ्या किती चॅनलांनी लावून धरला? डिसोझा १४ फेब्रुवारी २०१९ला गेले, पर्रीकरांच्या महिनाभर आधी. त्यांचा आजारपणातला एक तरी फोटो आठवतोय का कुणाला?